वंशावळ-संशोधन (वऱ्हाडातील)

वंशावळ-संशोधन : एखाद्या कुलातील व्यक्तींचा जन्मसंबंधाने, विवाहसंबंधाने वा दत्तकविधानाने सिद्ध होणारा क्रम शोधणे, तो मांडणे आणि त्या कुलात परंपरेने चालत आलेल्या कथा समकालीन अभिलेखांशी ताडून पाहणे, ह्यास वंशावळ-संशोधन म्हणतात. नुसत्या नामावलीस ‘वंशावळ’, वृक्षाकृती मांडणीस ‘वंशवृक्ष’ आणि कुलातील व्यक्तींच्या चरित्रविषयक माहितीसह केलेल्या संकलनास ‘कुलवृत्तांत’ अशा संज्ञा मराठीत रूढ आहेत. मुसलमान घराण्यांत ‘शजरा’ हा शब्द प्रचलित आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अमरावती व अकोला ह्या जिल्ह्यांतील, म्हणजे वऱ्हाडच्या मध्यवर्ती भागातील, साधनांचा व तपासणीच्या पद्धतीचा विचार केला आहे. अनेक राजवटींच्या सीमेवर वसलेल्या ह्या प्रदेशाचे कागद निरनिराळ्या ठिकाणी, लिप्यांत व कालगणनांत विखुरलेले असल्यामुळे येथील संशोधनास काही विशेष अडचणी येतात.

प्राचीन उदाहरणे : वंशावळी कोरून ठेवण्याची प्रथा वऱ्हाडात किमान वाकाटककाळापासून आढळते. दुसऱ्या प्रवरसेनाच्या अठराव्या राज्यवर्षातील चम्मक (जि. अमरावती) येथील ताम्रपटात राजवंशाची पूर्वपीठिका दिली असून, दान मिळालेल्या एक हजार ब्राह्मणांपैकी एकोणपन्नास जणांची नावे गोत्रांसह नोंदविली आहेत. त्याच जिल्ह्यातील ऋद्धपूर (रिद्धपूर) येथे सापडलेल्या ताम्रपटात राणी प्रभावतीगुप्ता हिने सासरच्या वाकाटकांऐवजी माहेरच्या गुप्त कुलाची वंशावळ दिली आहे आणि स्वतःचे गोत्रही पित्याचेच, म्हणजे ‘धारण’, असे सांगितले आहे. विवाहानंतर स्त्रीचे गोत्र बदलते, हा नियम सर्व काळी सारखाच पाळला जात होता असे गृहीत धरता येत नाही, हे ह्यावरून दिसून येते.

परंपरागत समजूत नव्या अभिलेखाने कशी बदलते, ह्याचे ठळक उदाहरण वाशीम येथील ताम्रपट हे होय. वाशीम त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते (१९९८ पासून तो स्वतंत्र जिल्हा आहे). हा ताम्रपट १९३९ मध्ये उजेडात आला आणि य. खु. देशपांडे व द. बा. महाजन यांनी तो विद्वानांपुढे मांडला. तोपर्यंत वाकाटकांची जी शाखा ज्ञात होती, तिच्यातील नावे गृहीत धरून अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेखाच्या झिजलेल्या अक्षरांचे वाचन करण्यात येत असे. वाशीमच्या ताम्रपटात पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन व त्याचा पुत्र विंध्यशक्ती (दुसरा) हा क्रम स्पष्ट आढळला. त्याच्या आधारे वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याच्या लेखाचे पुन्हा वाचन केले आणि वत्सगुल्म (वाशीम) येथे राज्य करणारी वाकाटकांची स्वतंत्र शाखा सिद्ध केली. अस्पष्ट जागी आपल्या माहितीतील नाव वाचण्याचा मोह राजवंशांच्या अभ्यासकांनाही टळत नाही. घरगुती वंशावळी तयार करणाऱ्यांकडून हाच प्रमाद वारंवार होतो.

पारंपरिक साधने : सामान्य कुलांच्या वंशावळी मुख्यतः तीन प्रकारे जतन झाल्या. भाटांच्या वह्या हे पहिले साधन. भाट ठरावीक घराण्यांकडे काही वर्षांच्या अंतराने फेरी करीत, नव्या जन्मांची भर घालीत व वंशावळ म्हणून दाखवून बिदागी घेत. यजमानाच्या कुलाचा गौरव करणे हा त्यांच्या वृत्तीचाच भाग होता. म्हणून अशा वह्यांतील अलीकडच्या चार-पाच पिढ्या बऱ्याच विश्वसनीय असतात, तर त्यांपूर्वीचा भाग एखाद्या प्रख्यात राजवंशाला अथवा पुराणपुरुषाला जोडलेला आढळतो.

दुसरे साधन म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नासिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया इ. क्षेत्री गेलेल्या यात्रेकरूचे गाव, जात, आडनाव, पूर्वजांची नावे व बरोबरच्या कुटुंबीयांची नावे उपाध्याय लिहून घेत आणि शक्य असेल तेथे यात्रेकरूची सही वा निशाणी घेत. ही नोंद समकालीन असते व ती सांगणारा स्वतः कुलातील असतो, त्यामुळे तिचे मोल भाटांच्या वहीपेक्षा अधिक आहे. तथापि यात्रेकरू ज्या पिढ्या स्वतः पाहिल्या नाहीत त्यांची नावे ऐकीव माहितीने सांगतो, हे ध्यानात घ्यावे लागते. हरद्वार येथील पंड्यांच्या अशा अनेक वह्यांची सूक्ष्मपटाद्वारे छायाचित्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घेण्यात आली.

तिसरे साधन धार्मिक व जमातींतर्गत परंपरांचे आहे. ऋद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्रमुख क्षेत्र असून ह्या पंथात गुरुशिष्यपरंपरा लिहून ठेवण्याची जुनी रीत आहे. तीत जन्मसंबंधाऐवजी दीक्षासंबंध नोंदलेला असतो, त्यामुळे ‘अमक्याचा तमका’ असा उल्लेख पितापुत्रवाचक मानणे चूक ठरते. मेळघाटातील कोरकू मृतांच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी स्तंभ उभारतात. लेखनाचा अभाव असलेल्या समाजात स्मृती टिकविण्याची ही महत्त्वाची साधने होत. ह्यांखेरीज देवघरातील पूर्वजांचे टाक, कुलदैवत, देवक, लग्नातील मानपानाचा क्रम व गावातील पोळ्याचा मान ह्या गोष्टींवरून शाखांचे ज्येष्ठ-कनिष्ठत्व व मूळ गाव यांविषयी अनुमान करता येते. मात्र हे स्वतंत्र पुरावे नव्हेत.

राजवटी व अभिलेखांची ठिकाणे : एलिचपूरची (अचलपूर) इमादशाही १५७४ मध्ये निजामशाहीत विलीन झाली व १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे आले. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात वऱ्हाड सुभ्याची सरकारे व परगणे यांची माहिती मिळते. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामाची सत्ता दृढ झाली, परंतु मराठ्यांचेही वसुलीचे हक्क कायम राहिले. दोन सत्तांचे अंमलदार एकाच मुलखातून वसूल करीत, म्हणून ह्या व्यवस्थेस ‘दोअमली’ म्हणत. १८०३ मध्ये अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे (२९ नोव्हेंबर) व गाविलगडावर (१५ डिसेंबर) पराभव झाल्यावर नागपूरकर भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले; १९०२ मध्ये ते कायम पट्ट्याने घेण्यात आले व १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडण्यात आले. १९५६ मध्ये हा भाग मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात आला.

ह्या घडामोडींचा परिणाम अभिलेखांच्या वाटणीत दिसतो. मोगल व आसफजाही काळातील फार्सी कागद हैदराबादच्या अभिलेखागारात, मराठी सत्तेचे कागद पुण्याचे पेशवे दप्तर व नागपूर येथील संग्रहांत, इंग्रजी अमदानीतील कागद नागपूर येथे व जिल्ह्यांच्या अभिलेखकक्षांत, तर गावपातळीवरचे कागद तहसील कार्यालयांत आढळतात. यवतमाळचा शारदाश्रम व नागपूरचे विदर्भ संशोधन मंडळ (स्थापना १९३४) ह्या संस्थांनी खाजगी दप्तरे मिळविण्याचे कार्य केले. या. मा. काळे यांचा वऱ्हाडचा इतिहास (१९२४) तसेच लायलने संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटिअर (१८७०), अकोला (१९१०) व अमरावती (१९११) ह्या जिल्ह्यांची गॅझेटिअरे यांतून घराण्यांची व वतनांची माहिती मिळते. गॅझेटिअरमधील घराण्यांविषयीचा मजकूर बहुधा त्या घराण्यांनीच पुरविलेला असल्याने तो कुलकथेचा स्वतंत्र पुरावा ठरत नाही. गॅझेटिअरमध्ये छापलेली कथा पुढच्या पिढीने वाचावी व ‘सरकारी पुस्तकात आहे’ म्हणून प्रमाण मानावी, असा वर्तुळाकार प्रवास अनेक ठिकाणी झालेला आहे.

वतनदारांविषयीचे कागद त्यामानाने विपुल आहेत. परगण्याचे देशमुख व देशपांडे आणि गावचे पाटील व पटवारी ह्यांची पदे वंशपरंपरागत होती. हक्काचा वाद उत्पन्न झाला म्हणजे उभय पक्ष आपापली वंशावळ व हकिकत दाखल करीत. तीस ‘करीना’ किंवा ‘कैफियत’ म्हणत आणि सभेपुढे झालेल्या निवाड्याच्या पत्रास ‘महजर’ म्हणत. ह्या कागदांत पक्षकार आपल्यास सोयीचे तेवढेच सांगतो, परंतु प्रतिपक्षाने जे नाकारले नाही ते बहुधा खरे असते. म्हणून दोन्ही बाजूंच्या करीन्यांतील सामाईक भाग प्रथम वेगळा काढावा, अशी अभ्यासकांची पद्धत आहे.

गावपातळीवरील अभिलेख : वऱ्हाडात १८६१ पासून रयतवारी पद्धतीने शेतांची मोजणी व आकारणी सुरू झाली. तेव्हापासून खातेदार शेतकऱ्यांची नावे सलगपणे मिळू लागतात. पेरेपत्रक, हक्कनोंदणी, फेरफाराची नोंदवही व पुढील काळातील सातबारा उतारा ही ह्या वर्गातील प्रमुख साधने होत. त्यांपैकी वंशावळीच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त फेरफाराची नोंद असते; कारण खातेदार मृत झाल्यावर त्याचे वारस कोण, त्यांचे नाते काय व कोण अज्ञान आहे, हे तीत लिहिलेले असते. ‘वल्द’ (अमक्याचा पुत्र), ‘जौजे’ (अमक्याची पत्नी), ‘बेवा’ (विधवा), ‘अ. पा. क.’ (अज्ञानपालनकर्ता) ह्या संज्ञा जाणून घेतल्याशिवाय ह्या नोंदींचा उलगडा होत नाही. मोजणी व एकत्रीकरण यांमुळे शेतांचे क्रमांक बदलले असल्याने जुन्या व नव्या क्रमांकांची जुळणी आधी करावी लागते. शेताच्या चतुःसीमा सारख्या असल्यास क्रमांक भिन्न असूनही जमीन तीच असल्याचे ओळखता येते.

ज्यांना जमीन नव्हती अशा बलुतेदार, मजूर व अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांची माहिती मुख्यतः जन्म-मृत्यूच्या नोंदींत सापडते. विदर्भात ह्या नोंदवहीस लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात. महसुली परिभाषेत ती गाव नमुना १४ म्हणून ओळखली जाते. गावातील जन्म व मृत्यू यांची वर्दी कोतवाल देई. वर्दी बारशापूर्वीच दिली जात असल्याने जन्माच्या नोंदीत अनेकदा मुलाचे नाव नसते. केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, पित्याचे नाव, जात व तारीख एवढेच आढळते. एकाच पित्याच्या चार अपत्यांपैकी नोंद कोणत्या अपत्याची, हे ठरविण्यास शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीचा आधार घ्यावा लागतो. शाळेतील जन्मतारीखही मुख्याध्यापकाने अंदाजाने लिहिलेली असण्याचा संभव असतो. एकाच वर्गातील बऱ्याच मुलांची जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै असणे, हे अशा अंदाजाचे लक्षण होय. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १९७० पासून अमलात आल्यावर ह्या नोंदींना एकरूपता आली. नोंदणीकृत खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे, दत्तकपत्रे आणि दिवाणी दाव्यांचे निकाल हीदेखील मोलाची साधने होत. जनगणनेचे वैयक्तिक तक्ते मात्र जतन केले जात नाहीत. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी तयार केलेली नागरिकांची नोंदवही हा त्यास अपवाद होय.

नावे व आडनावे : जुन्या नोंदींत आडनाव बहुधा नसते; ‘नाव, वल्द पित्याचे नाव, जात, वस्ती अमुक गाव’ अशी ओळख दिलेली असते. आडनावे पुढे शाळा, कचेरी व न्यायालय यांच्या गरजेतून स्थिर झाली. देशमुख, देशपांडे, पाटील, पांडे, कानुगो, चौधरी ही पदवाचक आणि अकोटकर, दर्यापूरकर, अचलपूरकर ही स्थानवाचक आडनावे होत. पदवाचक आडनाव एकच असले तरी कुले भिन्न असू शकतात. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) यांच्या घराण्याचे मूळ आडनाव कदम असल्याचे सांगतात. उलट सख्ख्या भावांपैकी एकाने वतनाचे व दुसऱ्याने गावाचे आडनाव लावल्याने एकच कुल दोन भासते. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या चालीमुळे एकाआड एक पिढीत तेच नाव येते व दोन व्यक्तींची एक व्यक्ती होऊन मधल्या दोन पिढ्या गळतात. विवाहानंतर स्त्रियांची नावे बदलली जात असल्यामुळे त्यांचा माग काढणे सर्वांत कठीण जाते.

कालगणना व लिपी : अव्वल इंग्रजी अमदानीपर्यंतचे स्थानिक कागद बहुधा मोडी लिपीत, तर वरिष्ठ दप्तरे फार्सीत आहेत. त्यांत शक, फसली, सुहूर (अरबी) व हिजरी असे भिन्न सन येतात. शकात ७८ मिळविल्यास इसवी सनाचे वर्ष येते. पौषाच्या सुमारास इसवी सन बदलत असल्याने त्यापुढील फाल्गुनापर्यंतच्या तारखांस ७९ मिळवावे लागतात. फसली व सुहूर ही वर्षे मृगाच्या सुमारास सुरू होतात. दक्षिणेतील फसली सनात ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळवावे लागतात. जानेवारीपासून मृगापर्यंतच्या काळास एक अधिक धरावा लागतो. उदा., ‘सबा तिसैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर सन ११९७. त्याचा आरंभ १७९६ मध्ये झाला. उत्तर हिंदुस्थानातील फसलीचा हिशोब वेगळा असल्याने कोणता फसली सन आहे हे आधी निश्चित करावे.

कुलकथांची तपासणी : वऱ्हाडातील कुलकथांचे काही ठरावीक साचे आढळतात. मूळपुरुष राजपुतान्यातून किंवा देवगिरीहून आला. तीन भाऊ आले व तीन गावी स्थायिक झाले. रघूजी भोसल्यांबरोबर आलेल्या पूर्वजाला पराक्रमाबद्दल गाव मिळाले. सनद पेंढाऱ्यांनी जाळली अथवा भीतीने विहिरीत टाकली, अशा त्या कथा होत. एकच साचा अनेक घराण्यांत आढळला म्हणजे कथा खोटी ठरते असे नाही, परंतु तिचा तपशील पारखून घेणे आवश्यक होते.

ह्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो. प्रथम कथा सांगणाऱ्याच्या शब्दांत, त्याने ती कोणाकडून ऐकली ह्या माहितीसह, लिहून घ्यावी. नंतर वंशावळ अलीकडून पलीकडे, म्हणजे ज्ञात व्यक्तीकडून अज्ञाताकडे, न्यावी. प्रसिद्ध पुरुषापासून आरंभ करून खाली येऊ नये. प्रत्येक पायरीवर पितापुत्रसंबंध दाखविणारा किमान एक समकालीन कागद शोधावा. त्यानंतर पिढ्यांचा हिशोब करावा. इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात शतकास तीन पिढ्या हे प्रमाण सुचविले होते व ते आजही स्थूलमानाने उपयोगी पडते. १७२४ मध्ये आलेला पूर्वज व १९२४ मधील वंशज यांच्या दरम्यान केवळ चार पिढ्यांचे अंतर सांगितले जात असेल, तर प्रत्येक पिढीस पन्नास वर्षे पडतात. अर्थात मधली नावे गळाली आहेत किंवा आरंभाचे वर्ष चुकले आहे, असा निष्कर्ष निघतो.

कथेतील नामांकित व्यक्तीचा काळही निश्चित करावा लागतो. नागपूरच्या गादीवर रघूजी नावाचे तीन पुरुष होऊन गेले : पहिला १७५५ मध्ये व दुसरा १८१६ मध्ये मृत्यू पावला, तर तिसऱ्याची कारकीर्द १८५३ मध्ये संपली. ‘रघूजीबरोबर आलेला पूर्वज अडगावच्या लढाईत पडला’ असे सांगितल्यास रघूजी दुसरा असला पाहिजे. पण त्याच पूर्वजाने निजामाविरुद्धच्या आरंभीच्या चढायांत भाग घेतला असेही सांगितले जात असेल, तर आजोबा व नातू यांची गल्लत झाली असण्याचा संभव बळावतो. मौखिक परंपरांच्या अभ्यासकांच्या मते मधल्या पिढ्या गळणे व अनेक व्यक्तींची कृत्ये एकाच्या नावे गोळा होणे, ही सर्व मानवी समाजांतील स्मृतीची लक्षणे आहेत. ह्यात फसवणुकीचा हेतू असतोच असे नाही. १८९९–१९०० चा दुष्काळ, १९१८ ची इन्फ्ल्यूएंझाची साथ ह्यांसारखे प्रसंग मात्र कुलस्मृतीत बऱ्याच अचूकपणे टिकतात. ‘साथीत एका आठवड्यात घरातील तिघे गेले’ अशा आठवणीची सत्यता कोतवाल बुकातील मृत्यूच्या नोंदींवरून पडताळता येते.

कायदेशीर महत्त्व : वंशावळीचा प्रश्न वारसा, दत्तक, कुलाचार व जातिप्रमाणपत्र ह्या बाबतींत न्यायालयापुढे येतो. नातेसंबंधाविषयी माहितगार असलेल्या मृत व्यक्तीने वाद उत्पन्न होण्यापूर्वी केलेले विधान ग्राह्य मानावे, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते व १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. वाद सुरू झाल्यावर तयार झालेल्या वंशावळीस कमी वजन मिळते, ते ह्याच कारणाने. योग्य ताब्यातून आलेला तीस वर्षांहून जुना दस्तऐवज खरा असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. परंतु हे गृहीत दस्तऐवज लिहून दिल्यासंबंधीचे असते, त्यातील प्रत्येक विधानाच्या सत्यतेविषयीचे नव्हे.

जातिप्रमाणपत्रांच्या पडताळणीसंबंधीचा महाराष्ट्राचा कायदा २००१ मध्ये अमलात आला. अर्जदाराला शपथेवर वंशावळ द्यावी लागते आणि पूर्वजांचे जुने पुरावे जोडावे लागतात. अनुसूचित जातींकरिता १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींकरिता ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींकरिता २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांकरिता १३ ऑक्टोबर १९६७ हे दिनांक त्यासाठी महत्त्वाचे मानले जातात. विदर्भातील ‘हलबा’ व ‘कोष्टी’ या नोंदींविषयीचा प्रदीर्घ वाद सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००० च्या निकालापर्यंत गेला. १९७६ पूर्वी अमरावती जिल्ह्यात अनेक अनुसूचित जमातींना मान्यता केवळ मेळघाट तालुक्यापुरती होती. ही क्षेत्रमर्यादा त्या वर्षीच्या कायद्याने दूर झाली. त्यामुळे मेळघाटाबाहेरील कुटुंबांच्या जुन्या कागदांचा अर्थ लावताना ही पार्श्वभूमी दृष्टिआड करता येत नाही. ‘कुणबी’ नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामामुळे ह्या अभिलेखांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. ज्या नोंदी कोतवालाने वा गुरुजीने सहज म्हणून लिहिल्या, त्यांवर नातवंडांचे शिक्षण व नोकरी अवलंबून राहते. म्हणूनच नोंदीत खाडाखोड करणे, भिन्न शाईने शब्द वाढविणे असे प्रकार घडतात आणि मूळ वही पाहिल्याशिवाय केवळ नकलेवर विसंबणे धोक्याचे ठरते.

मर्यादा : अभिलेखांचे मौन हा अभावाचा पुरावा नव्हे. वाळवी, आग व दुर्लक्ष यांमुळे गावोगावची दप्तरे नष्ट झाली आहेत. भूमिहीनांची व स्त्रियांची नोंद मुळातच अपुरी झाली. वतनदाराच्या घराण्याची बारा पिढ्यांची वंशावळ उपलब्ध असते आणि त्याच गावच्या मजुराची तिसऱ्या पिढीपलीकडे मिळत नाही. हा फरक कुलांच्या प्राचीनत्वाचा नसून लेखणी कोणाच्या हाती होती, ह्याचा आहे. आनुवंशिक चाचणीने दोन व्यक्तींचा समान पितृवंश किंवा मातृवंश दाखविता येतो, परंतु समाईक पूर्वजाचे नाव, गाव वा काळ तिने सांगता येत नाही. दत्तकसंबंधही तिच्या कक्षेबाहेर राहतो. महसूल खात्याने जुन्या अभिलेखांच्या प्रतिमा संगणकावर पाहण्यास उपलब्ध केल्या असून अकोला व अमरावती ह्या जिल्ह्यांचा त्यांत समावेश आहे. त्यामुळे मूळ कागदांची हाताळणी कमी होऊन ते सुरक्षित राहण्यास मदत होते. मोडी व फार्सी जाणणाऱ्यांची संख्या मात्र अल्प असल्याने ह्या साधनांचा पुरेपूर उपयोग करून घेण्यासाठी त्या लिप्यांचे शिक्षण आवश्यक आहे. संशोधनाने तयार केलेल्या वंशावळीत सिद्ध, संभाव्य व केवळ परंपरागत असे तीन प्रकारचे संबंध भिन्न खुणांनी दाखवावेत. त्यामुळे पुढील पिढीस नवीन कागद मिळाल्यावर दुरुस्ती करणे सुलभ जाते आणि कुलकथाही, कथा म्हणून, जतन होते.